ऑनलाइन कोर्समध्ये समीकरणं लिहायची कशी? स्क्रीनशॉट सोडा, थोडंसं लेटेक शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की गणिताचा कोर्स ऑनलाइन करायचाय, नोट्स निम्म्या वर्डमध्ये आणि निम्म्या वहीत हाताने लिहिलेल्या आहेत, तर समीकरणांचे स्क्रीनशॉट काढून टाकले तर चालतील का, लेटेक, म्हणजे गणित टाइप करायची भाषा, शिकावंच लागतं का, आणि विद्यार्थ्यांनी उत्तरं टाइप करायची तर ती कशी. आधी सरळ उत्तर देतो. स्क्रीनशॉट नको, लेटेक हो पण अगदी थोडं, आणि विद्यार्थ्यांवर मात्र लेटेक लादू नका, त्यांच्यासाठी वेगळी सोय करा. आता का आणि कसं ते सांगतो, जरा लांबेल.

मी बरीच वर्षं गणिताचे ऑनलाइन कोर्स बनवतोय आणि दुसऱ्यांनी बनवलेले दुरुस्तही करून देतो, आणि त्यावरून एक गोष्ट ठाम सांगू शकतो की समीकरण हे चित्र नाही, तो मजकूर आहे, आणि तो मजकूर म्हणूनच साठवला पाहिजे. स्क्रीनशॉट पहिल्या दिवशी छान दिसतो, लगेच होतो, काही शिकावं लागत नाही. त्रास पुढे सुरू होतो. एका धड्यात वजाच्या जागी अधिक पडलंय असं लक्षात आलं की मूळ फाइल शोधा, ती उघडा, दुरुस्त करा, परत चित्र काढा, कापा, अपलोड करा, आणि तेच समीकरण अजून तीन पानांवर असेल तर तिथेही हेच. मजकूर असता तर एक अक्षर बदलून झालं असतं. शिवाय फोनवर चित्र मोठं केलं की धूसर होतं, डार्क मोड लावला की काळ्या पानावर पांढरा चौकोन डोळ्यावर येतो किंवा पारदर्शक चित्र असेल तर काळी अक्षरं काळ्यातच गडप होतात, ओळीच्या मधलं छोटं समीकरण बाजूच्या अक्षरांपेक्षा वर किंवा खाली सरकतं, आणि ज्याला दिसत नाही अशा विद्यार्थ्याचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर तिथे नुसतं 'चित्र' एवढंच म्हणून पुढे जातं. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्या मुलासाठी धड्यातला नेमका गणिताचा भागच कोरा असतो. चित्राला पर्यायी मजकूर देता येतो हे खरं, पण प्रत्येक समीकरणाचं शब्दात वर्णन लिहीत बसणं हे लेटेक शिकण्यापेक्षा कितीतरी जास्त काम आहे आणि ते कोणी करत नाही.

आता यंत्रणा कशी चालते ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढच्या अडचणी आपोआप कळतील. डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाला आपल्याच पुस्तकाची नवी छपाई पसंत पडली नाही म्हणून त्यांनी १९७८ च्या सुमारास टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली, आणि १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लेटेक रचलं. म्हणजे गणित लिहायची ही भाषा चाळीसहून जास्त वर्षं टिकलेली आहे, मधे कितीतरी समीकरण एडिटर आले आणि गेले. पण ब्राउझरला लेटेक कळत नाही. मग पानात एक छोटा प्रोग्राम बसवतात, तो पानावरचं लेटेक शोधतो आणि त्या जागी नीट मांडलेलं समीकरण दाखवतो. असे दोन प्रोग्राम जास्त चालतात, २०१० मध्ये आलेलं मॅथजॅक्स आणि खान अकॅडमीने २०१४ मध्ये आणलेलं कॅटेक. कॅटेक झटपट चालतं पण त्याला कमांड जरा मोजक्या येतात, मॅथजॅक्सला जास्त येतात आणि वाचून दाखवायची सोय त्यात उत्तम आहे. यातलं कुठलं वापरायचं हे बहुतेक वेळा तुमच्या हातात नसतं, तुमचा प्लॅटफॉर्म आधीच ठरवून बसलेला असतो, मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या प्लॅटफॉर्ममध्ये मॅथजॅक्सचा फिल्टर असतो आणि तो चालू आहे का एवढं तुमच्या अ‍ॅडमिनला विचारायचं. तिसरा शब्द तुमच्या कानावर येईल तो मॅथएमएल. ही वेबसाठीची गणिताची अधिकृत भाषा, १९९८ पासून मान्यताप्राप्त, पण क्रोमने ती नीट दाखवायला २०२३ च्या जानेवारीत सुरुवात केली, आवृत्ती १०९ पासून. ती हाताने लिहायची नसते, एका साध्या अपूर्णांकाला पाच-सहा ओळी लागतात. तुम्ही लेटेक लिहा, पडद्यामागे त्याचं मॅथएमएल होऊ द्या.

किती लेटेक शिकायचं? लोक घाबरतात ते त्याची जाडजूड पुस्तकं बघून, पण ती पुस्तकं अख्खा प्रबंध कसा छापायचा याची आहेत, तुम्हाला त्यातला फक्त गणिताचा तुकडा हवाय. शाळा आणि पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापर्यंतचं गणित वीस-पंचवीस कमांडमध्ये बसतं. कल्पना एकच आहे, प्रत्येक कमांड बॅकस्लॅशने सुरू होते आणि तिला जे द्यायचं ते महिरपी कंसात द्यायचं. अपूर्णांकाला फ्रॅक, त्याच्यापुढे दोन महिरपी कंस, पहिल्यात अंश आणि दुसऱ्यात छेद. वर्गमूळाला स्क्वेअर रूटची एस-क्यू-आर-टी ही चार अक्षरं. घातांकाला टोपीचं चिन्ह ^ आणि खाली लिहायच्या अंकाला अंडरस्कोर _. ग्रीक अक्षरं त्यांच्या नावानेच, आल्फा, थीटा, पाय. बेरजेला सम, संकलनाला (इंटिग्रेशनला) इंट, मर्यादेला लिम. एवढं एका दुपारी हाताखालून जातं आणि आठवडाभर रोज वापरलं की बघावं लागत नाही.

नव्याने लिहिणारे कुठे चुकतात ते जास्त सांगतो, कारण मला दुरुस्तीला येणाऱ्या धड्यांत त्याच त्या गोष्टी असतात. पहिली, घातांक दोन अंकी असला की महिरपी कंस विसरतात. ^ नंतर नुसतं १० लिहिलं तर १ वर जातो आणि ० खाली मुख्य ओळीत राहतो, आणि विद्यार्थी ते वेगळंच गणित म्हणून वाचतो. दुसरी, साइन, कॉस, लॉग यांच्या आधी बॅकस्लॅश नसला की ते तिरक्या अक्षरात येतात, म्हणजे एस गुणिले आय गुणिले एन असा अर्थ होतो, नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही. तिसरी, उंच अपूर्णांकाभोवती साधे कंस टाकले की ते बुटके राहतात, तिथे सुरुवातीच्या कंसाआधी लेफ्ट आणि शेवटच्या कंसाआधी राइट ही कमांड लिहायची म्हणजे कंस आपोआप मजकुराएवढे उंच होतात. चौथी, गुणाकारासाठी एक्स हे अक्षर वापरतात. बीजगणिताच्या पानावर हे फार घातक आहे, टाइम्स ही कमांड वापरा किंवा मधला ठिपका, त्याला सी-डॉट म्हणतात. आणि पाचवी, मोठ्या संख्येतला स्वल्पविराम. गणिताच्या मोडमध्ये, म्हणजे समीकरणाच्या आत, स्वल्पविरामानंतर थोडी मोकळी जागा सुटते, म्हणून १,००० लिहिलं तर ते एक आणि शून्य-शून्य-शून्य असं दोन वेगळ्या गोष्टींसारखं दिसतं. स्वल्पविरामालाच महिरपी कंसात ठेवला की ती जागा जाते.

अनेक पायऱ्यांचं उदाहरण सोडवताना प्रत्येक पायरी वेगळं समीकरण म्हणून लिहू नका, अलाइन्ड नावाचं वातावरण (बिगिन आणि एंड या कमांडच्या मधला भाग) वापरा, त्यात बरोबरच्या चिन्हाआधी अँड चिन्ह & टाकायचं आणि ओळ संपली की दोन बॅकस्लॅश. सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक येतात. शिकणाऱ्याची नजर त्या उभ्या ओळीवरून खाली उतरते आणि कुठल्या पायरीला काय बदललं ते त्याला दिसतं, विशेषतः जो विद्यार्थी एकटा मध्यरात्री धडा वाचतोय आणि विचारायला कोणी नाही त्याच्यासाठी ही मांडणी अर्धं शिकवणं करते. तुकड्या-तुकड्यांत व्याख्या असलेल्या फलनासाठी केसेस, मॅट्रिक्ससाठी पी-मॅट्रिक्स किंवा बी-मॅट्रिक्स, पद्धत तीच.

आता खरा डोकेदुखीचा भाग, आणि इथे वेळ घालवा. लेटेक बरोबर लिहिलेलं असतं तरी पानावर कच्चा मजकूर दिसतो, ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि कारण जवळपास नेहमी समीकरण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे सांगणाऱ्या खुणांमध्ये असतं. स्वतंत्र ओळीवरच्या समीकरणाला दोन्ही बाजूंना दोन-दोन डॉलर $$ किंवा बॅकस्लॅश आणि चौकटी कंस, आणि ओळीच्या आतल्या समीकरणाला बॅकस्लॅश आणि गोल कंस, म्हणजे \( ने सुरुवात आणि \) ने शेवट. पुस्तकात तुम्हाला ओळीतल्या समीकरणाला एकच डॉलर $ दिसेल, पण मॅथजॅक्स मुळात एकेरी डॉलर ओळखत नाही, मूडलमध्येही तसंच आहे, आणि हे मुद्दाम केलेलं आहे कारण एखाद्या उदाहरणात पैशाची रक्कम दोन वेळा डॉलरमध्ये आली तर मधला सगळा मजकूर समीकरण समजून चिकटून तिरका होऊन जाईल. काही प्लॅटफॉर्मवर एकेरी डॉलर चालू करून ठेवलेला असतो, तिथे नेमकं हेच होतं. म्हणून मी सवयच लावून घेतलीय की ओळीत कायम गोल कंसाची खूण, कुठेही गेलं तरी बहुधा चालते.

बहुधा म्हटलं कारण मार्कडाउन, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर ठळक-तिरका करायची पद्धत. तुमचा प्लॅटफॉर्म मजकूर मार्कडाउनमध्ये घेत असेल तर तो लेटेकच्या आधी मार्कडाउन वाचतो, आणि मार्कडाउनला बॅकस्लॅश म्हणजे पुढचं चिन्ह साधं समज अशी सूचना असते. मग \( मधला बॅकस्लॅश तो खाऊन टाकतो आणि उरतो नुसता कंस, ओळ तोडायचे दोन बॅकस्लॅश एकच होतात आणि अलाइन्डमधल्या सगळ्या पायऱ्या एका ओळीत येतात, आणि एका परिच्छेदात दोन अंडरस्कोर आले की तो मधला भाग तिरका करतो आणि अंडरस्कोर गायब. हे बघून माणूस लेटेक तपासत बसतो, तिथे काहीच चुकलेलं नसतं. लक्षण ओळखायचं, बॅकस्लॅश किंवा अंडरस्कोर गायब झालेले दिसले की संशय मार्कडाउनवर घ्यायचा. उपाय प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलतो, कुठे बॅकस्लॅश दुप्पट लिहावे लागतात, कुठे दोन डॉलरच्या आतलं तो सोडून देतो.

तसंच एक पेक्षा-लहान चिन्हाचं. असमानता लिहिताना < च्या लगेच पुढे अक्षर आलं, मधे जागा नाही, तर ब्राउझरला वाटतं एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाच्या भाषेतला, टॅग सुरू झाला आणि तिथून पुढचं समीकरणच नाहीसं होतं. कधी अर्धा परिच्छेद जातो. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा किंवा त्याऐवजी एल-टी ही कमांड वापरा, मी कमांडच वापरतो, जागा सोडायची राहून जाते. आणि मूडलमध्ये प्रश्नसंच गिफ्ट या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमधून चढवणार असाल तर लक्षात ठेवा की त्या फॉरमॅटमध्ये महिरपी कंस, बरोबरचं चिन्ह, ~ आणि # यांना स्वतःचे अर्थ आहेत, महिरपी कंस म्हणजे तिथून उत्तरं सुरू. लेटेकमधला प्रत्येक महिरपी कंस आणि बरोबरचं चिन्ह यांच्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो, नाहीतर फाइल चढतच नाही किंवा चढते आणि प्रश्न अर्धवट तुटतो. शंभर प्रश्न असतील तर हे हाताने करू नका, फाइंड-रिप्लेसने करा, आणि चढवण्याआधी दोन-तीनच प्रश्नांची छोटी फाइल करून बघा.

मराठीतून शिकवत असाल तर आणखी एक मुद्दा जो इंग्रजी मार्गदर्शकांत मिळणार नाही. समीकरणाच्या आत मराठी शब्द थेट लिहायचा नाही, म्हणजे 'वेग बरोबर अंतर भागिले वेळ' हे सूत्र लिहिताना तिन्ही शब्द टेक्स्ट या कमांडच्या महिरपी कंसात घालायचे. गणिताच्या मोडमध्ये प्रत्येक चिन्ह स्वतंत्र चल समजलं जातं, त्यामुळे काना, मात्रा, वेलांटी अक्षरापासून सुटी होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते आणि जोडाक्षरं फुटतात. टेक्स्टमध्ये घातलं की मॅथजॅक्स आणि कॅटेक दोन्ही शब्द जसाच्या तसा वाचकाच्या यंत्रावरच्या फॉन्टमध्ये दाखवतात. मॅथजॅक्सची सेटिंग तुमच्या हातात असेल तर टेक्स्टमधल्या मजकुराने आजूबाजूच्या पानाचा फॉन्ट घ्यावा असा पर्यायही त्यात आहे, तो लावला की सूत्रातला मराठी शब्द परका दिसत नाही. देवनागरी अंकांचंही असंच, मॅथजॅक्सला संख्या म्हणून आंतरराष्ट्रीय अंकच ओळखू येतात, देवनागरी १२५ हे त्याला तीन सुटी चिन्हं वाटतात. म्हणून माझा सल्ला असा की वाक्यात देवनागरी अंक हवे तर वापरा, पण समीकरणाच्या आत आंतरराष्ट्रीय अंक ठेवा, किंवा अगदी देवनागरीच हवे असतील तर तेही टेक्स्टमध्ये घाला. काहीही ठरवा पण अख्ख्या कोर्सला एकच ठेवा.

वर्डमधल्या नोट्सचं काय. त्या टाकून द्यायची गरज नाही. वर्डच्या नव्या आवृत्त्यांत ऑल्ट आणि बरोबरची की दाबली की समीकरणाचा चौकोन उघडतो, आणि अशी लिहिलेली समीकरणं वर्ड स्वतःच्या पण व्यवस्थित रचनेत साठवतं. पॅनडॉक नावाचं फुकट, मुक्त स्रोत साधन आहे, त्याला ती वर्ड फाइल दिली की तो मजकूर मार्कडाउन किंवा एचटीएमएलमध्ये देतो आणि समीकरणं लेटेकमध्ये. काम खूपच वाचतं. पण समीकरणं जुन्या इक्वेशन एडिटर ३.० मध्ये किंवा मॅथटाइपमध्ये केलेली असतील तर ती फाइलमध्ये वेगळी वस्तू म्हणून चिकटवलेली असतात आणि पॅनडॉकला ती वाचता येत नाहीत. इक्वेशन एडिटर ३.० तर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने २०१८ च्या जानेवारीत काढूनच टाकला, त्यामुळे त्या जुन्या फाइलींतली समीकरणं दिसतात पण त्या एडिटरने आता दुरुस्त करता येत नाहीत. एखाद्या कंपनीच्या बंद फॉरमॅटवर वर्षानुवर्षांचं शिकवणं ठेवलं की हे होतं. मॅथटाइप तुमच्याकडे असेल तर त्यातून समीकरणं लेटेकमध्ये बाहेर काढता येतात, ते आधी करून घ्या. आणि वर्डमधून कॉपी करून थेट ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये पेस्ट करू नका, समीकरणं गायब होतात किंवा चित्र बनून येतात, आणि गायब झालेलं समीकरण लांबलचक धड्यात चटकन लक्षात येत नाही.

हाताने लिहिलेल्या नोट्ससाठी फोटोवरून लेटेक करून देणारी साधनं आहेत, मॅथपिक्स त्यातलं जुनं आणि चांगलं. एआय चॅटबॉटही हे काम बऱ्यापैकी करतात. वापरा जरूर, टायपिंगचा कंटाळा वाचतो, पण प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून बघा. चुका ठरावीक ठिकाणी होतात, एक हा अंक आणि एल हे अक्षर, शून्य आणि ओ, एक्स आणि गुणाकार, अवकलजाचा छोटा डॅश, बारीक लिहिलेलं वजाचं चिन्ह, आणि अपूर्णांकाची रेघ नेमकी कुठपर्यंत आहे ते. चॅटबॉटचा वेगळा धोका असा की तो कधी कधी कागदावरचं गणित 'सुधारून' देतो, तुम्ही मुद्दाम चुकीची पायरी लिहिली असेल, चूक शोधा असा प्रश्न म्हणून, तर ती बरोबर करून टाकतो. चिन्ह चुकलेला धडा विद्यार्थ्याचा एक अख्खा दिवस खाऊ शकतो, तो स्वतःलाच दोष देत बसतो की मला कळत नाहीये, म्हणून इथे कंटाळा चालत नाही.

फोनचं सांगतो थोडक्यात. पुष्कळ विद्यार्थी फोनवरच वाचतात आणि तुम्ही लॅपटॉपवर लिहिता. लांब समीकरण फोनवर उजवीकडे कापलं जातं किंवा आडवं सरकवावं लागतं. समीकरण स्वतःहून नीट तुटेल ही अपेक्षा ठेवू नका, तुम्हीच तोडा, अधिक किंवा वजा चिन्हाच्या आधी तोडा आणि नवी ओळ त्या चिन्हाने सुरू करा. ओळीच्या मधे उंच अपूर्णांक टाळा, तिथे तिरकी रेघ / बरी, नाहीतर अंश-छेद इतके बारीक होतात की वाचवत नाहीत.

वाचून दाखवण्याबद्दल वर बोललो, त्यात तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. मॅथजॅक्समध्ये समीकरण शब्दांत वाचता येण्याची आणि कीबोर्डने त्याच्या आत एकेक भाग फिरून ऐकण्याची सोय आहे, आणि एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरला मॅथकॅट या गणित वाचणाऱ्या साधनाची जोड मिळाली की तो मॅथएमएल वाचतो, ब्रेलमध्येही देतो. पण हे सगळं तुम्ही अर्थानुसार लिहिलंत तरच. अख्खं समीकरण खुणांच्या आत हवं, अर्धं आत आणि 'बरोबर ५' बाहेर साध्या मजकुरात असं नको. साध्या मजकुरातला - हा जोडरेघ असतो, गणिताच्या खुणांच्या आत तो वजा होतो, वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला हा फरक कळतो. रिकाम्या जागा भरून समीकरणं सरळ रेषेत आणायची नाहीत, त्याला अलाइन्ड आहे. आणि रंगावर अर्थ ठेवू नका, 'लाल पद बघा' याच्यासोबत 'डावीकडचं दुसरं पद' असंही लिहा.

विद्यार्थ्यांच्या उत्तरांकडे येतो. इथे मी शिक्षकांशी जरा वाद घालतो. शाळेतल्या किंवा पहिल्या वर्षाच्या मुलाला लेटेकमध्ये उत्तर लिहायला लावलं तर तुम्ही त्याची गणिताची नाही, टायपिंगची परीक्षा घेताय. सविस्तर सोडवणूक हवी असेल तर कागदावर लिहून फोटो किंवा स्कॅन चढवू द्या, त्याच्याइतकं सोपं अजून काही नाही, विचारही त्यात खरे दिसतात, खाडाखोडीसकट. फक्त पान सरळ, उजेड नीट, आणि सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, एवढे नियम पहिल्या आठवड्यात बिनगुणांच्या गृहपाठात सराव करून घ्या. उत्तर एकच पदावली असेल आणि आपोआप तपासायचं असेल तर मूडलसोबत चालणारं स्टॅक बघा. त्याच्यामागे मॅक्सिमा ही बीजगणित करणारी प्रणाली आहे, ती उत्तर अक्षरशः जुळवत नाही तर गणिताने तपासते, म्हणजे विद्यार्थ्याने कंस सोडवून लिहिलं काय आणि अवयव पाडून लिहिलं काय, दोन्ही समान असतील तर तिला कळतं, आणि अवयवच पाडलेले हवेत असं तुम्ही सांगूही शकता. ठरावीक चुकीला ठरावीक सूचना देता येते, चिन्ह चुकवणाऱ्याला एक आणि स्थिरांक विसरणाऱ्याला दुसरी. असे प्रश्न बनवायला वेळ लागतो, पण एकदा बनवलेला प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांनी वर्षानुवर्षं वापरता येतो.

विद्यार्थी जिथे एका ओळीत टाइप करणार तिथे झलक दाखवणारी सोय असलीच पाहिजे, कारण १/२एक्स असं कोणी टाइप केलं तर त्याचा अर्थ एक-द्वितीयांश गुणिले एक्स की एक भागिले दोन एक्स हे त्यालाही माहीत नसतं आणि यंत्र आपल्या मनाने एक अर्थ घेतं. बाजूला लगेच नीट मांडलेलं रूप दिसलं की मुलगा स्वतःच कंस टाकतो. गुणाकाराला *, घाताला ^, आणि शंका आली की कंस, ही सूचना प्रत्येक परीक्षेच्या वर लिहा, एकदाच सांगून लोकांच्या लक्षात राहत नाही. आणि चर्चेत, चॅटमध्ये प्रश्न विचारताना मात्र कसंही लिहू द्या, २ हा घात ² या चिन्हाने, शब्दांत, वहीचा फोटो, काहीही. तिथे अट घातली की प्रश्न येणंच थांबतं.

व्हिडिओ किंवा लाइव्ह तासाला लेटेक टाइप करू नका. शिकवताना समीकरण हळूहळू उलगडत गेलं पाहिजे, पेन आणि टॅबलेटवर हाताने लिहीत बोललं की तो वेग आपोआप जमतो. आलेख असेल तर डेसमॉस किंवा जिओजेब्रा उघडा, स्लायडर सरकवून गुणांक बदलला की वक्र कसा हलतो हे दाखवणं शब्दांनी जमत नाही. बोलताना 'हे इकडे नेलं, याला यानं भागलं' असं न म्हणता नाव घेऊन बोला, 'दोन्ही बाजूंतून तीन एक्स वजा केले', 'अ अधिक ब, हे संपूर्ण भागिले क'. फक्त ऐकणाऱ्यालाही कळतं आणि सबटायटलही अर्थाची येतात. लाइव्ह तासात हाताने लिहिलेली पानं तशीच पीडीएफ करून द्या, पण महत्त्वाची सूत्रं आणि शेवटचे निकाल धड्याच्या पानावर लेटेकमध्ये असू द्या.

आणि मूळ प्रत प्लॅटफॉर्मवर ठेवू नका. धडे साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये, लेटेक समीकरणांसकट, तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथून प्लॅटफॉर्मवर चढवा. प्लॅटफॉर्म बदलतात, संस्था करार बदलते, आणि तेव्हा एडिटरमधून शेकडो पानं एकेक करून बाहेर काढायची वेळ येऊ नये. स्वतःच्या छोट्या कमांड बनवायचा मोह होतो, लेटेकमध्ये ते सोपं आहे, पण वेबवर त्या प्रत्येक पानाला माहीत असतीलच असं नाही, तेव्हा अगदी लागल्याशिवाय नको.

सुरुवात धड्यांपासून करू नका, एक चाचणीचं पान करा. त्यात तुमच्या अभ्यासक्रमातली सगळ्यात अवघड पाच-सात समीकरणं टाका, एक लांब, एक मॅट्रिक्स, एक असमानता, एक मराठी शब्द असलेलं, एक पाच पायऱ्यांचं, एक ओळीच्या मधलं. ते पान शिक्षकाच्या नाही, विद्यार्थ्याच्या लॉगिनने उघडा, साध्या फोनवर, डार्क मोड लावून, मग प्लॅटफॉर्मचं अ‍ॅप असेल तर त्यातही, कारण काही अ‍ॅप ब्राउझरपेक्षा वेगळं दाखवतात. तेच प्रश्नमंजुषेच्या पर्यायांत आणि अभिप्रायाच्या चौकटीतही टाकून बघा, धड्यात चालतं आणि पर्यायांत चालत नाही असं होतं. घोषणांचे ईमेल जातात त्यात तर लेटेक कच्चंच दिसतं, म्हणून ईमेलमध्ये समीकरण न लिहिता धड्याची लिंक द्या. जे तुटलं ते आत्ता, एका पानावर दुरुस्त करा, आणि मग पहिला धडा लिहायला घ्या.